पुढची भिंत तेवढी ठेवलीय

परवा एका जुन्या इमारतीचं पाडकाम बघत उभा होतो. म्हणजे पाडकाम तरी कसं म्हणायचं, कारण रस्त्याकडची भिंत जशीच्या तशी, तिला मागून लोखंडी टेकू लावलेले आणि मागे काहीच नाही. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून थेट आभाळ दिसत होतं. पत्र्यावर मात्र मोठ्या अक्षरात 'वारसा जतन' असं रंगवलेलं.

या प्रकाराला फसाडिझम म्हणतात. दर्शनी भाग ठेवायचा, आतला जिना, खोल्या, छप्पर सगळं उडवायचं आणि मागे नवा टॉवर. मी काही सगळं जुनं जसंच्या तसं ठेवा म्हणणारा नाही हं, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसताना म्हाताऱ्या माणसांनी काय हाल काढायचे ते मला माहितीये. पण मुखवटा ठेवून माणूस वाचवला म्हणायचं हे काही पटत नाही.

खरं सांगायचं तर भावनेवर इमारती वाचत नाहीत, हिशोबावर वाचतात. न्यूयॉर्कचं जुनं पेन स्टेशन घ्या. १९१० साली सुरू झालं, प्राचीन रोमन स्नानगृहांवरून बेतलेला अवाढव्य हॉल, गुलाबी ग्रॅनाइट, सगळा थाट. १९६३ मध्ये पाडायला घेतलं. त्याआधी आर्किटेक्ट मंडळी हातात फलक घेऊन रस्त्यावर उतरली होती, पण पाडू नका म्हणायला कायदाच नव्हता, आणि रेल्वे कंपनीला स्टेशनपेक्षा त्याच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेचे पैसे जास्त मिळत होते. रूळ खाली राहिले, वर स्टेडियम आणि ऑफिसं आली. शहराने वारसा जतनाचा कायदा केला तो १९६५ मध्ये, म्हणजे स्टेशन गेल्यावर.

त्याच शहरातलं ग्रँड सेंट्रल मात्र वाचलं. १९६७ मध्ये ते वारसा यादीत गेलं, मालकाला त्यावर पन्नासहून जास्त मजल्यांचा टॉवर हवा होता, परवानगी नाकारली म्हणून प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७८ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल शहराच्या बाजूने लागला. मला त्यातला इंटरेस्टिंग भाग वेगळाच वाटतो. इथे चढवू नका म्हटलं तरी न वापरलेला एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायला परवानगी असते त्यातला उरलेला हिस्सा, जवळपासच्या दुसऱ्या प्लॉटवर नेता येत होता, आणि मालकाचं सगळंच बुडालेलं नाही हे ठरवताना कोर्टाने ही गोष्टही धरली. म्हणजे आपण टीडीआर म्हणतो तेच, बांधकामाचा हक्क दुसरीकडे नेणं किंवा विकणं. नुसतं 'नाही' म्हणण्यापेक्षा 'इथे नाही, तिथे कर' हे जास्त चालतं.

अर्थात ते 'तिथे' कुठेतरी असतंच ना! कुणाच्या तरी गल्लीतला उजेड जातो, पाणी न् ड्रेनेज जुनंच आणि माणसं दुप्पट. आणि टीडीआर विकून आलेला पैसा गळक्या छपरावर खर्च व्हायलाच पाहिजे अशी अट नसेल तर मालक पैसे घेऊन मोकळा आणि इमारत तशीच गळतेय.

असो, त्या भिंतीकडे येतो. एक कामगार विटांच्या सांध्यांमधला जुना चुना छिन्नीने काढून तिथे सिमेंट भरत होता, अगदी मन लावून, त्याला बिचाऱ्याला जे सांगितलं ते तो करत होता. पण चुना मऊ असतो, भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंट कडक आणि घट्ट, मग ओल विटेतूनच वाट काढते, सोबतचे क्षार विटेच्या पृष्ठभागाशी साठून त्यांचे स्फटिक होतात आणि विटेचा पापुद्रा सुटायला लागतो. खाली पायरीशी कधीतरी आधी केलेलं सिमेंटचं ठिगळ होतं, तिथे विटा आत खचलेल्या आणि सांधे बाहेर आलेले. बोट फिरवलं तर लाल भुकटी हाताला.

मागे नव्या स्लॅबचं सेंटरिंग लागलंय. नव्या मजल्यांची उंची कमी, त्यामुळे पहिल्या मजल्याच्या त्या उंच कमानदार खिडकीच्या बरोब्बर मध्यातून स्लॅब आडवा जाणारे. काच काळी लावतील बहुतेक.