समाधीच्या दर्शनाला तिकीट

डिसेंबरात माझी भाची न्यू जर्सीहून तीन आठवड्यांसाठी पुण्याला आली होती. जन्म तिकडचा, पण मराठी इतकी स्वच्छ बोलते की फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं, सदाशिव पेठेतूनच बोलतेय. तिला, माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला आणि आईला घेऊन मी पुणे परिसर दाखवायचं ठरवलं. त्या फिरण्यातलं तिकिटांचं प्रकरण लिहिते. कुणाच्या घरी असे पाहुणे येणार असतील तर उपयोग होईल.

सुरुवात लेण्यांपासून केली. खिडकीवरच्या फलकावर भारतीयांना २५ रुपये, परदेशी नागरिकांना ३००. भाचीकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत सरकार देतं ते, पण ते घरी सुटकेसमध्ये राहिलं होतं. फोनमधला फोटो दाखवला. मूळ कार्ड हवं, असं उत्तर मिळालं. ३०० भरले. पैशांचं एवढं वाटलं नाही, पण वर चढताना पोरगी गप्प झाली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, मी इथेपण बाहेरचीच का गं?" ते मला फार लागलं.

रात्री बसून नियम वाचून काढले. ओसीआय कार्ड असलेल्यांना राष्ट्रीय स्मारकं आणि संग्रहालयांमध्ये भारतीयांइतकंच शुल्क असतं. सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांमधल्या नागरिकांनाही पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर भारतीयांचाच दर. २०१८ साली ठरलेल्या दरांनुसार अजिंठा-वेरूळसारख्या जागतिक वारसा स्थळांना आपल्याला ४० रुपये आणि बाकीच्या स्मारकांना २५. पैसे ऑनलाइन भरले तर पाच रुपये कमी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. म्हणजे चूक आमचीच, कार्ड बरोबर असायला हवं होतं.

रविवारी, कस्तुरबांची समाधी आहे त्या आगाखान पॅलेसला गेलो. या वेळी कार्ड आधी पर्समध्ये टाकलं. खिडकीवर पाहिलं, परत दिलं, काही विचारलं नाही. फोनवरून पैसे भरले म्हणून प्रत्येकी २०, मुलाचं माफ. चौघांचे मिळून ६० रुपये. तिथवरच्या रिक्षाला याच्या कितीतरी पट गेले होते.

आई मात्र फाटकातच थांबली. "समाधीच्या दर्शनाला तिकीट कशाला? आळंदीला काढतो का आपण?" तिचा प्रश्न अगदी खरा होता, आणि त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही वास्तू इस्माइली पंथाचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी १८९२ साली बांधली, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. ९ ऑगस्ट १९४२ ला अटक केल्यावर गांधीजींना इथे आणलं. बरोबर त्यांचे सचिव महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू आणि त्यांच्या इंग्रज शिष्या मीराबेन होत्या. पाठोपाठ कस्तुरबाही आल्या. सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला, महादेवभाई हृदयविकाराने गेले. जेमतेम पन्नाशीचे होते. वडिलांसारख्या गांधीजींनी त्यांना अग्नी दिला. पुढे २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताच्या साडीत त्यांना अग्नी दिला. साठहून अधिक वर्षांचा संसार. चिता विझत येईपर्यंत गांधीजी तिथून हलले नाहीत.

मागच्या बाजूला या दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. पुढची हिरवळ आणि कमानी पाहून फोटो काढून परत फिरणारे बरेच दिसले. कृपा करून तसं करू नका. आम्ही तिथे अर्धा तास बसलो. मुलाने विचारलं, "महादेवभाईंना घरी नाही का नेता आलं?" आईने त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं, "हा तुरुंगच होता रे राजा, दिसतो महालासारखा." आतल्या खोल्यांमधल्या फलकांतलं मला इतकं नेमकं काही आठवत नाही.

निघताना आईच म्हणाली, "एवढी बाग राखायची, झाडलोट करायची, माणसं लागतातच." मला वाटतं, स्मारकाचं तिकीट असावं, पण दोन चहांच्या पैशांइतकंच असावं. महापालिकेच्या शाळेतलं पोर आईवडिलांना घेऊन कधीही येऊ शकलं पाहिजे. ज्या दिवशी हा दर दोनशे होईल, त्या दिवशी कस्तुरबांची समाधी फक्त सहलीवाल्यांची होईल. त्याला माझा ठाम विरोध राहील.

संग्रहालयाचा हिशोब मी वेगळा धरते. भाची दोन दिवस नाशिकला गेली, तेव्हा आईला घेऊन शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. तिथलं तिकीट पुरातत्त्व खात्याच्या पंचवीस रुपयांहून बरंच जास्त आहे, आणि मी ते आनंदाने भरलं. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी जुन्या वाड्यांतून, बाजारांतून एकेक वस्तू शोधून सुमारे २०,००० गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव या सगळ्याला दिलं. म्हणजे हेसुद्धा एक स्मारकच. हे कळल्यावर दिवे, कुलपं, दौती, सगळंच मला निराळं दिसायला लागलं.

आई अडकित्त्यांपाशी रेंगाळली, पण खरी थांबली ती वज्रींपुढे. पाय घासायची पितळेची वज्री, वर पक्षी बसवलेला, खालून खरखरीत. तिचा उजवा हात नकळत हलायला लागला, टाच घासल्यासारखा. "तुझ्या आजीकडे अशीच होती. आतून खुळखुळायची. न्हाणीघरातून आवाज आला की कळायचं, आजीची अंघोळ होत आली." मग जरा वेळाने, "मी मोडीत दिली गं. स्टीलचे डबे घेतले."

त्या एका काचेपुढे आम्ही वीसेक मिनिटं तरी होतो. वरचे मजले घाईघाईत झाले आणि मस्तानी महालाचं दालन तर धड पाहिलंच नाही. पूर्ण पाहायचं तर तीन तास हाताशी ठेवा आणि गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर सकाळीच जा.

संध्याकाळी आईने स्वतःच नाशिकला फोन लावला. वज्री म्हणजे काय, ती कशी धरायची, पणजीची कशी वाजायची, सगळं नातीला सांगितलं. "परवा आलीस की जाऊ. कार्ड आठवणीने घे."

परवा गेलो. तिघींची तिकिटं पुन्हा काढली. आई नातीचा हात धरून, मधलं काहीही न बघता, सरळ त्या काचेपाशी गेली.