आज्जीच्या दिंडीतून पंढरपूर

आज्जी गेल्या दिवाळीनंतर गेली. जेष्ठात दिंडीच्या महाराजांचा फोन आला, आज्जींची यंदाची भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरलेली आहे, घरातलं कुणी येणार का? तिने कधी भरली होती घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी ऑफिसला सुट्टी टाकली आणि आळंदी गाठली.

पहिले काही दिवस नुसते पायच पाय. पुणे ते सासवड टप्पा तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवे घाट, वर पोचेपर्यंत दुसरं काही सुचतच नाही. आज्जी भेटायला लागली ती सासवडच्या मुक्कामी. राहुटीत परभणीकडच्या एक मावशी आल्या, सरळ माझे पाय मांडीवर घेतले आणि तेल चोळायला लागल्या. मी नको नको म्हणतेय तर म्हणाल्या, "गप बस माय, तुझ्या आजीनं माझे किती वर्षं चोळले, फिटू दे की थोडं."

मग रोज कुणी ना कुणी सांगायचंच. जेजुरीला कळलं की ती पहाटे तीनला उठून म्हाताऱ्या बायकांसाठी टँकरवर नंबर लावायची. संध्याकाळी मुक्कामाला समाज आरती असते, सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोळा होतात, चोपदारांनी दंड वर केला की एवढा टाळ-मृदंगाचा गजर एका क्षणात थांबतो, आणि मग कुणाचं काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात. तिथे आमचे विणेकरी काका म्हणाले, एका वर्षी आज्जीला रस्त्यात पैशाची पिशवी सापडली होती, तिने इथेच आणून दिली, आणि ज्या बाईंची होती त्या एकट्याच आल्यात हे कळल्यावर त्यांना आपल्याच राहुटीत झोपायला आणलं. म्हणजे आमच्या घरी दरवर्षी जेवायला थांबणाऱ्या लातूरच्या काकू कोण हे मला इतक्या वर्षांनी कळलं!

आमचं गाव तरडगाव-फलटण पट्ट्यातलं. लोणंद सोडलं, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, दोन रांगांत उभ्या वारकऱ्यांमधून अश्व धावून गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, आणि मला मात्र कधी एकदा घर येतंय असं झालेलं. आजोबा लवकर गेले, दोन एकर आणि दोन म्हशी यावर तिने पोरं मोठी केली, तरी पालखीच्या दिवशी दारात पिठलं-भाकरी, खरडा आणि ज्याला लागेल त्याला पाठ टेकायला ओसरी. घरचं सगळं मार्गी लागल्यावर मग ती स्वतः चालायला लागली. २०२० ला वारी बंद, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, त्या वर्षी पण तिने भाकऱ्या थापल्याच आणि वीटभट्टीवरच्या कुटुंबांना पाठवल्या.

लोक म्हणतात फार भोळी होती हो तुमची आज्जी. मला हे अजिबात पटत नाही. भोळा माणूस सगळ्यांना सारखंच देतो, हिचं तसं नव्हतं, ती आधी माणूस बघायची. कुणाला पैसे, कुणाला लुगडं, कुणाला नुसतं शेजारी बसून ऐकणं, आणि दारू पिऊन आलेल्या चुलत चुलत्याला आधी चार शिव्या आणि मग ताट. कुणाला काय कमी आहे हे तिला न सांगता कसं कळायचं हे मी पूर्ण वाटेत बघायचा प्रयत्न करत होते. वेळापूरच्या पुढे थोडं जमायला लागलं, माझ्या पुढची बाई डोक्यावरची तुळस सारखी या हातातून त्या हातात धरतेय हे दिसलं आणि तिने मागायच्या आत मी घेतली.

वाखरीनंतर पंढरपुरात गर्दी अशी की पाय उचलला तर टेकवायला जागा नाही. आज्जी पददर्शनाच्या रांगेत कधी लागायची नाही म्हणे, चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीला हात, लांबून कळस, बास. मी पण तेच केलं. द्वादशीला उपवास सोडायच्या स्वयंपाकाला बसले, माझ्या पोळ्या काही तिच्यासारख्या होत नाहीत पण सगळ्यांनी मागून घेतल्या.

पुढच्या वर्षी आई पण येते म्हणालीय. गुडघे दुखतात तिचे, पण फलटण ते बरड तरी चालते म्हणतेय, तेवढं झालं तरी खूप.