जोडीदार पाहिजे

मेलबर्नला राहायला आल्यापासून माझा जानेवारी ठरलेला असतो. ऑस्ट्रेलियन ओपन टेनिसचा ग्राउंड पास काढायचा, मोठ्या स्टेडियमांकडे पाठ फिरवायची आणि बाहेरच्या कोर्टांवर दुहेरीचे सामने बघत बसायचं. तिकडे भारतात होतो तेव्हा दुहेरी म्हणजे क्रीडा पानाच्या तळाशी चार ओळींची बातमी, तीही आपलं कुणी जिंकलं तर. इथे कोर्टाला लागूनच बाकं असतात आणि टीव्हीवर कधी न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे हे लोक बोलतात किती! प्रत्येक गुणानंतर दोघं जवळ येतात, ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोंडापुढे चेंडू धरतात आणि पुढच्या सर्व्हिसचं ठरवतात. मग नेटपाशी उभा राहिलेला पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो : मी आडवा धावणार, किंवा जागेवरच थांबणार. कधी तो नेटच्या मधोमध जवळजवळ बसतोच, म्हणजे समोरच्याला अंदाजच येत नाही. याला ‘आय फॉर्मेशन’ म्हणतात. हे सगळं दोन गुणांमधल्या पंचवीस सेकंदांत. चेंडू खेळात आला की मात्र सगळा मामला चार-पाच फटक्यांत आटोपतो. मागच्या रेषेवरून वीस-वीस फटके मारत बसणारी एकेरी मला आता जरा लांबलेली वाटते, खरं सांगतो.

लहानपणी रॅकेट हातात घेताना ‘मी दुहेरीचा खेळाडू होणार’ असं फारसं कुणी म्हणत नाही. बहुतेक जण एकेरीतून इकडे येतात. कुणाची क्रमवारी दोनशे-तीनशेच्या घरात अडकून पडते, कुणाचं शरीर साथ सोडतं. सानिया मिर्झाच्या मनगटानं तिला एकेरी सोडायला लावली. २०१५ मध्ये ती दुहेरीत जगातली पहिली झाली आणि मार्टिना हिंगिसबरोबर तिनं सलग ४१ सामने जिंकले. युकी भांब्री २००९ मध्ये इथेच ज्युनियर एकेरीचा विजेता होता. दुखापतींनी त्याची मधली वर्षं खाल्ली, तो दुहेरीकडे वळला आणि २०२५ मध्ये मायकेल व्हीनसबरोबर यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत पोचला. दुहेरीत शरीराची झीज कमी होते, यामागे साधा हिशेब आहे. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. म्हणजे दोघांत मिळून प्रत्येकाच्या वाट्याला १८ फूटच येतात. धावाधाव कमी, डोळे आणि हात मात्र जास्त चपळ लागतात.

या पेशातली खरी डोकेदुखी कोर्टाबाहेर आहे : जोडीदार मिळवणं आणि टिकवणं. क्रमवारी जोडीची नसते, ज्याची त्याची असते. स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमवारीची बेरीज करून. तुम्ही चाळिसावे असाल आणि जोडीदार एकशे वीसावा, तर मोठ्या स्पर्धेचं दार बंद होऊ शकतं. मग हंगाम संपत आला की फोन सुरू होतात. कोण कुणाला सोडतंय, डाव्या बाजूनं रिटर्न करणारा कुणी मोकळा आहे का, क्ले कोर्टावर कुणाचं जमतं. यातलं बरंचसं नुसत्या शब्दावर चालतं. लिअँडर पेसनं कारकिर्दीत शंभराहून जास्त जोडीदार केले. महेश भूपतीबरोबर १९९९ मध्ये तो चारही ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, अंतिम फेरीत होता, दोन जिंकल्यासुद्धा. तरी ती जोडी फुटली, जुळली, पुन्हा फुटली. आपल्याकडे त्यावर घराघरांत दोन तट पडले होते. इथे येऊन बाकीच्या जोड्यांचे हाल पाहिल्यावर वाटतं, त्यात एवढं नवल करण्यासारखं काही नव्हतं.

याला मोठा अपवाद अमेरिकेच्या ब्रायन बंधूंचा. जुळे भाऊ, बॉब डावखुरा, माइक उजवा. दोघांनी मिळून १६ ग्रँड स्लॅम आणि एकूण ११९ विजेतेपदं मिळवली. जोडीदार शोधायची चिंता त्यांना जन्मतःच नव्हती. तरी २०१८ मध्ये बॉबच्या कंबरेच्या सांध्याला दुखापत झाली तेव्हा माइकला दुसरा माणूस बघावाच लागला. त्यानं जॅक सॉकला घेतलं आणि त्याच वर्षी विम्बल्डन आणि यूएस ओपन दोन्ही जिंकल्या. बॉब बरा होताच माइक परत भावाकडे.

पैशांचं सांगतो, कारण तिकडचे मित्र हटकून विचारतात. २०२४ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेत्याला २७ लाख पौंड होते. दुहेरीच्या विजेत्यांना साडेसहा लाख, आणि तेही जोडीला मिळून. म्हणजे एकाच्या हातात एकेरीवाल्याच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी. त्यातून प्रवास, कर, प्रशिक्षक, फिजिओ. खर्च वाचवायला कित्येकदा दोघांत मिळून एकच प्रशिक्षक ठेवतात. वरच्या वीस-तीस जणांचं उत्तम चालतं. चॅलेंजर, म्हणजे खालच्या पायरीच्या स्पर्धांत फिरणाऱ्याला पुढच्या विमानाचं तिकीट आधी दिसतं.

आणि हे आहे तेही कायमचं नाही. स्पर्धांच्या आयोजकांना दुहेरी म्हणजे खर्चाचा भार वाटतो, असं मला दिसतं. २००५ मध्ये पुरुषांच्या टूरनं, म्हणजे वर्षभराच्या व्यावसायिक स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेनं, दुहेरीत एकेरीच्या खेळाडूंना झुकतं माप देण्याचा घाट घातला, तेव्हा ब्रायन बंधूंसह बरेच खेळाडू कोर्टात गेले, म्हणजे न्यायालयात. पुढे तडजोड झाली. तेव्हापासून टूरवर ड्यूसला, म्हणजे ४०-४० झाल्यावर, एकाच गुणावर गेम संपतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होतो. दोन तासांची मेहनत दहा मिनिटांच्या जुगारात जाते. ग्रँड स्लॅमच्या पुरुष आणि महिला दुहेरीत अजून पूर्ण तिसरा सेट खेळतात, म्हणून मी तिथेच बघतो.

आता रोहन बोपण्णा. त्याच्याबद्दल थोडं जास्त लिहिणार, हरकत नसावी. २०२१ च्या सुमारास तो महिनोन्‌महिने एकही सामना जिंकत नव्हता आणि आता थांबावं असं त्यानं बायकोला कळवलं होतं, हे त्यानं स्वतःच नंतर सांगितलं. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली. अय्यंगार योगानं आपले पाय पुन्हा उभे राहिले असं तो म्हणायचा. मग मॅथ्यू एब्डन भेटला. एब्डन इथलाच, ऑस्ट्रेलियाचा, त्यामुळे २०२४ च्या अंतिम सामन्यात मेलबर्नचं पब्लिक आणि आपली मंडळी एकाच बाजूनं ओरडत होती, जे क्रिकेटमुळे इथे कधी होत नाही. बोलेली आणि वावासोरी या इटालियन जोडीला त्यांनी ७-६, ७-५ असं हरवलं. पुरुष दुहेरीतलं पहिलं ग्रँड स्लॅम बोपण्णाला वयाच्या ४३ व्या वर्षी मिळालं आणि त्याच आठवड्यात तो क्रमवारीत पहिला झाला. इतक्या वयात पहिल्यांदा तिथे पोचलेला दुसरा कुणी नाही. त्याच वर्षी एब्डननं देशबंधू जॉन पीअर्सबरोबर ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, कारण ऑलिंपिकला जोडी एकाच देशाची लागते. वर्ष संपता संपता बोपण्णा आणि एब्डन वेगळे झाले. भांडण वगैरे काही नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात बोपण्णानं निवृत्ती जाहीर केली.

त्याआधी ऑगस्टात यूएस ओपननं मिश्र दुहेरीचं रूपच बदललं होतं. मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात फक्त १६ जोड्या, अंतिम सामना सोडून सेट चार गेमांचे, विजेत्यांना दहा लाख डॉलर, आणि बहुतेक जागा एकेरीतल्या बड्या नावांना. दुहेरीवर पोट असलेले बहुतेक जण बाहेर. मला ते लाजिरवाणं वाटलं, अजूनही वाटतं. पण स्टेडियम भरलं हेही खरं, आणि बाहेरच्या कोर्टांवर ते कधी झालं नसतं. अंतिम सामन्यात इगा श्वियाँतेक आणि कास्पर रूड या एकेरीतल्या बड्या नावांना हरवून चषक नेला सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरीनं. त्या आदल्या वर्षीच्या विजेत्या जोडीला आयोजकांनी वाइल्ड कार्डानं, म्हणजे स्वतःच्या मर्जीनं थेट प्रवेश देऊन, घेतलं होतं.