गाडीची समाधी

थंडीचे चार महिने गाडी शेडमध्ये लावून ठेवायची. शेडला छप्पर आहे, दार आहे, हीटर मात्र नाही. पहिल्या वर्षी मी रात्री पांघरूण ओढताना हटकून विचार करायचो, बिचारी तिकडे कुडकुडत असेल. शेवटी न राहवून तिला प्लास्टिकच्या ताडपत्रीत गच्च गुंडाळूनही आलो.

ते प्रेम तिला चांगलंच बाधलं. हिवाळ्यात मधेच एक दिवस हवा एकदम उबदार झाली, तेव्हा ताडपत्री उचलून पाहिली. बॉनेट थेंबांनी भरलेलं, दाराच्या मुठीखालून ओघळ. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखी गाडी घामेजली होती. बाहेरची दमट हवा गार पत्र्याला लागून पाणी सुटलेलं आणि ताडपत्रीमुळे त्याला वाळायला वावच नाही. तेव्हा कळलं, गाडीला थंडी वाजत नाही. कोरड्या गारठ्यात लोखंड निवांत असतं. त्याला खातात ती ओल आणि ऊब, आणि सोबत बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ असेल तर विचारूच नका. आता मी तिला खालून धुतो, खडखडीत वाळवतो आणि वर साधं सुती कापड टाकतो.

गोठण्याची भीती खोटी नाही म्हणा. पाणी गोठलं की ९ टक्के फुगतं, आणि त्याला जागा लागते. पण इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात कूलंट निम्मं आणि पाणी निम्मं असलं तर उणे ३५ अंशांपर्यंत काळजी नाही. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी राहिलं, तर ती मात्र तडकते. बॅटरीचं तर माणसासारखंच आहे. पूर्ण चार्ज असली तर उणे ५० अंशांतही गोठत नाही, आणि पार उतरलेली असली तर उणे १० च्या आसपासच गोठते. म्हणून ती काढून घरी आणतो. घरच्यांना हा पाहुणा पसंत नाही.

हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, चिकटून बसतो. चाकांना ठोकळे लावायचे.

सगळ्यात अवघड म्हणजे मधे जाऊन गाडी चालू न करणं. हात शिवशिवतात. ‘पाच मिनिटं इंजिन फिरवून आलो’ असं कौतुकाने सांगणारे भेटतात, मीही त्यातलाच होतो. पण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या फेरीत ते वाफ होऊन निघून जातं; पाच मिनिटांत सायलेन्सर तापतच नाही, पाणी आतच राहतं. शिवाय बंद शेडमधला तो धूर जिवावर बेतू शकतो.

उंदरांना हे नियम लागू नाहीत. एका वर्षी एअर फिल्टरच्या डब्यात सीटचा स्पंज, सुतळी आणि धान्याची फोलपटं नीट रचलेली सापडली. इतकं टापटीप घर मी आजवर लावलेलं नाही. तेव्हापासून सायलेन्सरच्या तोंडात तारेच्या घासणीचा बोळा कोंबतो आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधतो: ‘आधी बोळा काढ.’ अक्षर माझंच, तरी दरवर्षी ती वाचून मी दचकतो आणि निमूटपणे उतरून मागे जातो.