गवळ्याच्या रानातली मैफल

पंडित रविशंकर अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाहून खूश होऊन परतले नाहीत. १५ ऑगस्ट १९६९ ची रात्र, वरून पाऊस, तबल्यावर अल्लारखा, आणि समोर चिखलात बसलेली, बरीचशी नशेत असलेली पोरं. तो जमाव पाहून आपल्याला भारतातल्या चिखलात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या, असं त्यांनी नंतर सांगितलं. ते बोलले वैतागून. पण ही तक्रार कोल्हापुरात कुणाला सांगून पाहा. "मग चांगलंच की," असं उत्तर येईल.

इथं म्हशीला कमी लेखून चालत नाही. दिवाळीच्या पाडव्याला गवळ्यांच्या म्हशी मिरवणुकीला निघतात तेव्हा बघावं. शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं बांधलेली, गळ्यात घुंगरांच्या माळा, अंगावरचे केस भादरून काढलेली नक्षी. मालक मोटारसायकलवर पुढं, बहुतेक वेळा सायलेन्सर काढलेला, आणि म्हैस त्याच्या मागं उधळलेली. रस्त्यात दहा गाड्या फटफटत असल्या तरी ती आपल्याच मालकाच्या गाडीमागं जाते. कान तयार असणं म्हणतात ते हेच. मैफलीत पहिल्या रांगेत बसून मोबाईल बघणाऱ्यांना एकदा या मिरवणुकीला आणलं पाहिजे.

कुठल्याही संगीत महोत्सवाची बातमी आली की लोक कलाकारांची यादी बघतात. मला जागा कुणी दिली ते आधी बघायची खोड आहे. आणि बघत गेलं की वारंवार दूधवालेच भेटतात.

वुडस्टॉकचा महोत्सव त्या नावाच्या गावात झालाच नाही. वॉलकिल नावाच्या गावी ठरला होता, तिथल्या लोकांनी महिनाभर आधी नाही म्हणून सांगितलं. मग बेथेल गावातला मॅक्स यासगर पुढं आला. मोठा दूध व्यावसायिक. त्यानं आपलं रान भाड्यानं दिलं. धर्मादाय काम नव्हतं ते, पैसे घेतले. पण गावात पाट्या लागल्या, याचं दूध घेऊ नका म्हणून. ही पाटी वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. दूध संघाच्या निवडणुकीत सख्खे भाऊ वर्षभर बोलत नाहीत, त्या मुलखात दुधावरचा राग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अंदाज ५० हजारांचा होता, आले ४ लाखांच्या वर. आजूबाजूचे काही लोक पोरांना पाणी विकायला लागल्याचं कळल्यावर यासगर भडकला आणि त्यानं आपल्याकडचं पाणी फुकट वाटलं. पुढं त्याला मंचावर बोलावलं तेव्हा त्यानं सुरुवातच अशी केली की मी शेतकरी माणूस, वीस जणांपुढं बोलायची सवय नाही, तिथं एवढ्या गर्दीपुढं काय बोलणार. मग म्हणाला की एवढी पोरं एकत्र येऊन तीन दिवस नुसती मजा आणि संगीत करू शकतात, हे तुम्ही जगाला दाखवलंत. जिमी हेंड्रिक्सची गिटार ऐकलेले सांगतात तेवढ्याच प्रेमानं हे दोन मिनिटांचं भाषण लोक अजून आठवतात. पुढच्या वर्षी पुन्हा रान मागितलं तेव्हा मात्र त्यानं सरळ नाही म्हटलं. त्याला गोठा बघायचा होता.

त्याच पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, इंग्लंडात दुसऱ्या गोठ्यावर सुरुवात झाली. सॉमरसेटमधल्या पिल्टन गावचा मायकेल ईव्हिस. वडील गेले आणि एकोणिसाव्या वर्षी गाई, शेत, कर्ज सगळं अंगावर पडलं. कर्ज फेडायला म्हणून त्यानं रानात गाण्याचा कार्यक्रम लावला. तिकीट एक पौंड, त्यात दूध फुकट. दीड हजार माणूस आलं आणि गडी तोट्यात गेला. तोच आजचा ग्लास्टनबरी महोत्सव, तिथं आता दोन लाखांवर लोक जातात.

ही गोष्ट मी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सांगितली. बाहेरच्यांसाठी सांगतो: तिथं म्हैस रस्त्याकडेला उभी असते आणि समोर धार काढून फेसाळ, कोमट दूध ग्लासात देतात. पहिला घोट घेतल्यावर ओठावर मिशी येते, ती पुसायची नसते. आमचे दूधवाले मामा धार काढता काढता ऐकत होते. एक पौंडात गाणं आणि वर दूध फुकट म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.

"दूध कशाचं? म्हशीचं?"

"नाही मामा, गाईचं."

"मग फुकटच द्याया पायजे की."

ईव्हिसच्या रानाची एक रीत मात्र मामांना पटली. दर काही वर्षांनी एकदा ते रान पड ठेवतात. २०१८ आणि २०२६ ही तशी विश्रांतीची वर्षं. कितीही मोठा गायक असो, त्या वर्षी गवत आणि गाई. एरवीही प्रेक्षकांना सतत बजावतात की तंबूच्या खुंट्या रानात टाकून जाऊ नका. गवतात राहिलेलं लोखंड गाईच्या पोटात गेलं की ती खंगत जाते. गाईनं तार खाल्ली म्हणून डॉक्टरला बोलावणाऱ्या घरांत याचा अर्थ लगेच कळतो.

राजानं जागा दिलेले महोत्सव वेगळे. जर्मनीत बायरॉइटला १८७६ मध्ये संगीतकार वाग्नरनं आपल्या संगीत नाटकांसाठी थिएटर उभं केलं, त्याला पैसा बव्हेरियाच्या लुडविग राजाचा. तिथल्या लाकडी खुर्च्या इतक्या कडक की लोक उशी घेऊन जातात. आमच्या राजानंही गाणं जपलं. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी ठेवलं आणि जयपूर-अत्रौली घराणं इथं रुजलं. पण महाराजांनी नाट्यगृह बांधलं ते कुस्तीच्या मैदानाला लागून. संगीताची आवड असलेला राजा जगात कुठंही मिळेल, तालीम आणि तालमीची अशी शेजारशेजारी सोय करणारा एखादाच. ऑगस्ट २०२४ मध्ये ते केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आयुष्यात कधी तिकीट न काढलेली माणसंही रस्त्यावर उभी राहून रडत होती.

आणि मिरजेला जागा देतो तो दर्गा. गायक अब्दुल करीमखाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथंच आहे. उरुसात गायक-वादक तिथं हजेरी लावतात. यजमान असा भेटला की मानधनाची भाषाच कुणाला सुचत नाही.

मला स्वतःला या तिन्हींत गवळी जवळचा वाटतो. राजाला गाण्याचं कळतं, दर्ग्यात श्रद्धा असते. गवळ्याला दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढायची असते, तरीही तो रान देतो.

मामांना हे सांगितलं तर ते डॉल्बीवर घसरले. गणपतीत भिंती लागल्या की त्यांच्या म्हशी पान्हा चोरतात. मी म्हटलं, ईव्हिस त्या दिवसांत गाई गोठ्यातच ठेवतो.

"आणि तेवढ्या आवाजात दूध आटत न्हाई?"

"पन्नास वर्षांवर धंदा चाललाय मामा, म्हणजे आटत नसणार."

मामांनी रिकामा ग्लास माझ्या हातातून घेतला आणि विसळायला टाकला. "गाणी ऱ्हाऊ द्या वो. पेंड कुठली घालतोय तेवढं इचारून सांगा."