मागच्या दारानं नको होतं

माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक इंग्लंडमधल्या एका जुन्या गावात, जॉर्जियन घरांच्या रांगेत आहे. इमारत ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसायादीतली. दाराशी दोन दगडी पायऱ्या, मिळून ३२० मिलिमीटर उंच. धडधाकट माणसाच्या त्या लक्षातही येत नाहीत. पण माझ्याकडे येतात ती माणसं गुडघा बदललेली, पक्षाघातातून सावरणारी, व्हीलचेअरवरची. कित्येक वर्षं आम्ही त्यांना धरून धरून वर घेत होतो.

रॅम्प करायचं ठरवलं तेव्हा आर्किटेक्टनं पहिल्याच भेटीत बजावलं: लिस्टेड इमारतीत परवानगीशिवाय असा बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे. अर्ज दोन करायचे, प्लॅनिंग परमिशनचा आणि लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटचा. दुसऱ्याला फी नाही, पण त्याला ‘डिझाइन अँड अ‍ॅक्सेस स्टेटमेंट’, म्हणजे रचना आणि प्रवेशाची सोय यांमागचा विचार सांगणारं निवेदन, जोडावंच लागतं. इमारत लिस्टेड नसती तर एवढ्याशा रॅम्पसाठी ते कुणी मागितलं नसतं.

अर्जाआधीच्या भेटीत कॉन्झर्वेशन ऑफिसरनी, म्हणजे जुन्या इमारतींचं जतन पाहणाऱ्या स्थानिक कौन्सिलच्या अधिकाऱ्यांनी, सुचवलं, रॅम्प मागच्या बाजूनं करा. दर्शनी भागाला धक्का नको, हे मलाही पटत होतं. समोरचं ते जुनं लोखंडी कुंपण मला फार आवडतं. पण मागच्या दाराशी कचऱ्याचे डबे, अरुंद बोळ आणि आत शिरल्यावर थेट सामानाची खोली. चालता येणारे पुढून येणार आणि चालता न येणारे तिथून? हे मनाला पटेना. माझ्या दृष्टीनं ‘अ‍ॅक्सेस’ म्हणजे सगळ्यांसाठी एकच दार.

पहिला अर्ज दाखलच करून घेतला नाही. १:१२५० च्या नकाशावरची, अर्जातली जागा दाखवणारी लाल रेघ आमच्या कुंपणापाशी थांबली होती. सार्वजनिक रस्त्यापासून आत येण्याची वाटही तिच्या आत यायला हवी. शिवाय एका चित्रावर मोजपट्टी नव्हती. निर्णयाची आठ आठवड्यांची मुदत अर्ज ग्राह्य धरल्यावरच सुरू होते, त्यामुळे आमचे तीन आठवडे वाया गेले असं तेव्हा वाटलं.

पण त्याच काळात मी स्टेटमेंट पुन्हा वाचलं. प्रवेशाबाबत कुणाशी बोललात आणि त्यातून काय बदललं, हे त्यात सांगायचं असतं. आम्ही तिथे एक ओळ लिहून मोकळे झालो होतो. मग मी रुग्णांनाच विचारत बसले. एक बाई म्हणाल्या, हिवाळ्यात लोखंडी कठड्याला हात लावला की बोटं आखडतात. कठड्यावर ओकचं लाकूड आलं ते त्यांच्यामुळे. कमी दिसणाऱ्या एका गृहस्थांनी पायऱ्यांच्या कडा वेगळ्या रंगात मागितल्या. बिल्डिंग रेग्युलेशन्स म्हणजे बांधकामाचे नियम, त्यांतल्या प्रवेशाच्या सोयींबद्दलच्या ‘पार्ट एम’च्या मार्गदर्शनातही ५५ मिलिमीटरची पट्टी सांगितली आहे, पण जुन्या दगडावर रंग मारणं शक्यच नव्हतं.

उत्तर मापांतच सापडलं. ३२० मिलिमीटर चढायला १:१५ उतारानं ४.८ मीटर लांबी लागते, वर-खाली दीड-दीड मीटरची सपाट जागा वेगळी. घराची रुंदी सव्वाआठ मीटर. म्हणजे रॅम्प कुंपणाच्या आत, भिंतीला समांतर बसत होता, एक गजही न कापता. दाराशी पोलादी मंच, पुढे दोन नव्या पायऱ्या. रंगाची पट्टी त्यांच्यावर. जुना दगड खाली जसाच्या तसा. सगळं नुसतं टेकवलेलं, भिंतीत एकही खिळा नाही. उद्या काढलं तर मागे खूण राहणार नाही. वारसा सांभाळणाऱ्यांना ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आणि योग्यच आहे. मागच्या दाराचा पर्याय का सोडला, त्याला आम्ही फोटोंसह अख्खं पान दिलं.

सातव्या आठवड्यात मंजुरी आली. अटी दोन: काम तीन वर्षांच्या आत सुरू करायचं आणि लाकूड व रंगाचे नमुने आधी दाखवायचे. बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी त्यानंतर वेगळी घ्यावी लागली. ही परवानगी तिथे चालत नाही.

ओकचा नमुना पसंत झाला, त्या दिवशी मी तो तुकडा त्या बाईंच्या हातात दिला. त्यांनी हातमोजा काढून तो बराच वेळ धरून पाहिला.