थरला निघायच्या महिनाभर आधी

दिवाळी संपली की नाशिकहून जैसलमेर-बिकानेरच्या सहली सुरू होतात. तंबू, उंटसफारी, गाडी सगळे दोन महिने आधी ठरते, पण लशीचे नाव काढले की "परदेशात थोडेच चाललोय" असे उत्तर येते. ते पटत नाही. निघायच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटाच.

टायफॉइडच्या कॉन्ज्युगेट लशीचा एकच डोस असतो, पण तो अंगी लागायला दोन आठवडे लागतात. हिपॅटायटिस ए आपल्याकडे अनेकांना लहानपणीच न कळत होऊन गेलेला असतो, म्हणून लस हवी का हे वय पाहून डॉक्टरच ठरवतील. धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षे उलटली असतील तर बूस्टर घ्या. राजस्थानसाठी यलो फीव्हरची लस लागत नाही.

खरी काळजी रेबीजची. गल्लीतली कुत्री सगळीकडेच आहेत, पण उंट चावला तरी रेबीजचाच विचार करायचा, हे अनेकांना माहीत नसते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका, टाके घालायची घाई करू नका. लस त्याच दिवशी सुरू करायची. दंडात घ्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) टोचावे लागते, आणि अडचण इथेच येते. लस छोट्या केंद्रात मिळून जाते, इम्युनोग्लोब्युलिनसाठी मोठे रुग्णालय गाठावे लागू शकते. म्हणून मुले बरोबर असतील किंवा मुक्काम दूरच्या ढाणीवर, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीवर, असेल तर आधीच लस घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी घेतात. महिनाभराचा हिशेब इथून आला. मग चावा झालाच तर ० आणि ३ व्या दिवशी दोन डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. तिथे लस सुरू केलीत तर कार्ड जपून आणा. उरलेले डोस इथे त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात घेता येतात.

वाळवंटात डास कुठले, असे वाटते. पण इंदिरा गांधी कालव्याने पाणी आणले आणि पाण्यामागून डास आले. १९९४ मध्ये पश्चिम राजस्थानात मलेरियाची मोठी साथ आली होती. घरोघरच्या टाक्यांमध्येही डास वाढतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम न्या. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर रक्त तपासा आणि डॉक्टरांना प्रवासाचे सांगा.

कोरड्या हवेत घाम येता येताच वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले ते कळत नाही. तहानेवर भरवसा ठेवू नका, लघवीचा रंग पाहा. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतेय. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते पेलाभर पाण्यात घोळले तर मीठ जास्त होते, आणि लहान मुलांना ते घातक ठरते. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डोसबद्दल आधीच विचारून घ्या.

वाळूवर उघड्यावर झोपू नका. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, आत विंचू असू शकतो. फुरसे चावले तर आवळपट्टी बांधायची नाही, हातपाय न हलवता थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचे. आपल्याकडचे सर्पविषावरचे औषध मुख्यतः दक्षिणेतल्या सापांच्या विषापासून बनते, थरमधले फुरसे त्याला तितकी दाद देत नाही.

इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, बाटली कोरडी राहील अशा पिशवीत ठेवा. कोरड्या हवेत मडके नाशिकच्या पावसाळ्यापेक्षा कितीतरी चांगले गार राहते.